शाळा घरात, पण प्रमाणपत्राचं काय?

सातवीत शाळा सोडून घरीच शिकलेल्या मुंबईच्या मालविका जोशीला २०१६मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग ऑलिम्पियाडमधली पदकं तिच्या कामी आली. बारावीचं प्रमाणपत्र नसल्यानं आयआयटीचं दार मात्र बंदच राहिलं.

म्हणूनच पालकांनी परीक्षेचा मार्ग आधी आखावा.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची दहावी १४ वर्षं पूर्ण झाली की देता येते. किमान पाच विषय निवडायचे. मराठी माध्यमही उपलब्ध आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. महाराष्ट्र मंडळाची परीक्षा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या देता येते. त्यासाठी आधीच्या शाळेचा दाखला जपून ठेवावा.

कायदा काय म्हणतो? २००९चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देतो. घरच्या शिक्षणासाठी त्यात स्वतंत्र तरतूद नाही, तशी पालकांना शिक्षाही नाही.

खरी कसोटी रोजच्या वेळेची असते. आईबाबांपैकी एकाला नोकरीचे तास कमी करावे लागतात. मुलाला सवंगडी मिळावेत म्हणून मैदान, वाचनालय, छंदवर्ग यांची सोय करावी लागते. निर्णयापूर्वी मुलाचं मतही विचारायलाच हवं.