पिकअप घेताय? टर्बो कोणत्या जातीचा ते विचारा

मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि पिकअपचा हिशेब अनेक घरांत नव्यानं मांडला गेला. शोरूममध्ये किंमत, हप्ता, पासिंग आणि ॲव्हरेज विचारलं जातं. टर्बो कोणत्या जातीचा, हे मात्र कुणी विचारत नाही. ते विचारायलाच हवं, कारण गाडी जुनी झाल्यावर मोठा खर्च ज्या भागांवर येतो, त्यांत टर्बो बराच वर आहे.

जाती मुख्यतः दोन. पहिली वेस्टगेटची. हिचं घर ठरलेल्या मापाचं असतं आणि दाब जास्त झाला की एक झडप उघडून जादा धूर बाजूनं सोडून देते. दुसरी व्हीजीटी, म्हणजे बदलत्या मापाची. हिच्यात टर्बाइनच्या चाकाभोवती पात्यांचं कडं असतं. इंजिन संथ असताना पाती मिटतात, वाट अरुंद होते आणि धूर चाकावर जोरानं आदळतो. वेग वाढला की पाती उघडतात. भरलेली गाडी जागेवरून सहज उचलते ती यामुळे. हायलक्सचं 2.8 लिटरचं आणि व्ही-क्रॉसचं 1.9 लिटरचं इंजिन याच जातीच्या टर्बोचं.

कंपन्यांना व्हीजीटी आवडण्याचं आणखी एक कारण माहितीपत्रकात ठळक येत नाही. प्रदूषणाचे नियम पाळायचे तर थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडावा लागतो, आणि पाती मिटली की त्यासाठी लागणारा मागचा दाब आयता मिळतो. म्हणजे ही पाती जोरासाठी जितकी, तितकीच नियमांसाठी. ग्राहकाला फक्त जोर सांगितला जातो, हे मला पटत नाही.

या पात्यांचं काय होतं, हे अमेरिकेनं वीस वर्षांपूर्वी पाहिलं. फोर्डच्या मोठ्या पिकअपमध्ये नॅव्हिस्टारनं बनवलेलं 7.3 लिटरचं पॉवर स्ट्रोक इंजिन होतं. त्याचा टर्बो साधा, पाती नसलेला. 2003 मध्ये त्याच्या जागी त्याच कंपनीचं 6 लिटरचं इंजिन आलं, गॅरेट कंपनीच्या व्हीजीटीसह. यात सगळी पाती एका कड्याला जोडलेली. कडं जरा फिरलं की सगळी एकदम वळणार. कागदावर देखणी रचना. पण काजळी साचली, उभ्या गाडीत गंज चढला, की कडं अडकायचं. पाती उघडी अडकली तर गाडी ओढत नाही, मिटलेली अडकली तर दाब हाताबाहेर जातो. त्या इंजिनाचं दुखणं एकट्या टर्बोचं नव्हतं, ईजीआर कूलर (पुन्हा इंजिनात जाणारा धूर थंड करणारा भाग) आणि हेड गॅस्केटही जायचे. वॉरंटीच्या खर्चावरून 2007 मध्ये फोर्डनं नॅव्हिस्टारला कोर्टात खेचलं, 2009 मध्ये तडजोड झाली आणि 2011 च्या मॉडेलपासून फोर्डनं या गाड्यांसाठी स्वतःचं डिझेल इंजिन आणलं. जुन्या 7.3 ला मात्र तिथले मालक अजून जपतात.

इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सची वाट वेगळी होती. पुण्याला ही कंपनी 1962 पासून ठाऊक आहे. डॉज रॅम पिकअपमध्ये 1989 पासून तिच्या 5.9 लिटर इंजिनावर होल्सेट कंपनीचा साधा टर्बो होता. 2007 मध्ये 6.7 लिटरचं इंजिन आलं तेव्हा तिनंही व्हीजीटी घेतला, पण त्यातली पाती वळत नाहीत. पात्यांचं अख्खं कडंच पुढंमागं सरकतं आणि फट लहानमोठी होते. सांधे कमी, म्हणून झीज कमी. मला ही रचना जास्त शहाणपणाची वाटते. तरी काजळीनं तिलाही सोडलं नाही. तासन्‌तास न्यूट्रलवर चालू राहणाऱ्या गाड्यांत हे कडंही अडकतं. यावर उपाय म्हणून तिथले जाणते मालक एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धूर अडवून गाडीचा वेग कमी करणारा ब्रेक, नेहमी चालू ठेवतात. तो ब्रेक याच कड्यानं लागतो, त्यामुळे ते वारंवार हलतं आणि काजळी धरत नाही.

आपल्याकडे याचा अर्थ काय? बाजार समितीच्या रांगेत इंजिन चालू ठेवून थांबणारी, गावातल्या गावात पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या मारणारी गाडी म्हणजे काजळीचं घर. तिला वेस्टगेटचा टर्बो बरा. रोज हायवेवर लांब पल्ला मारणाऱ्या, घाट चढणाऱ्या गाडीला व्हीजीटीचा खरा फायदा मिळतो. आंब्याचा हंगाम संपल्यावर गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल, तर तिला अधूनमधून बाहेर काढून चांगली तापेपर्यंत पळवून आणा.

जात कोणतीही असो, टर्बो ऑइलवर जगतो. त्याचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. रत्नागिरीहून पेट्या भरून आंबा घाट चढायचा आणि माथ्यावर चहाला थांबताच चावी फिरवायची, ही सवय घातक आहे. ऑइल थांबतं, तापलेल्या बेअरिंगमध्ये उरलेलं करपतं आणि त्याचा कोळसा होतो. चहा सांगून या, दोन मिनिटांनी गाडी बंद करा. निळा धूर किंवा शिट्टीचा बदललेला आवाज आला तर गाडी त्याच दिवशी मेकॅनिककडे न्या. टर्बो बदलावाच लागला, तर ऑइलचा पाइपही नवा टाकून घ्या. जुना चोंदलेला पाइप तसाच राहिला, तर नवा टर्बोही जातो.