सपाट देशातला चढ: इंग्लंडच्या फेन्समधून सायकलवर

ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत त्यांच्यासाठी हे एपिसोडचं लेखी रूप. बोलताना जी आकडेमोड मी घाईत उरकली होती, ती इथे नीट मांडली आहे.

इंग्लंडमध्ये मास्टर्स करणाऱ्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. "दादा, पहिली सायकल टूर करायचीय. सामान घेऊन, दोन दिवस. चढ अजिबात नको. एकदम सपाट कुठे मिळेल?"

सपाट हवंय ना? मग फेन्स. मी केंब्रिजमध्ये कोड लिहितो आणि बहुतेक शनिवारी ह्याच रस्त्यांवर असतो. केंब्रिजच्या उत्तरेला हा प्रदेश सुरू होतो आणि वॉश नावाच्या उथळ खाडीपर्यंत पसरतो. सुमारे चार हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आख्ख्या गोव्यापेक्षा थोडा मोठा. ॲपमध्ये रूट टाकला की एलिव्हेशनची रेघ बंद पडलेल्या ईसीजीसारखी दिसते. पण सपाट म्हणजे सोपं, हे समीकरण डोक्यातून काढा. ही जमीन अशी सपाट आणि कोरडी आपोआप झालेली नाही, माणसांनी केली आहे. सायकलवर जे जे विचित्र जाणवतं, ते सगळं त्यातूनच येतं.

चारशे वर्षांपूर्वी इथे दलदल होती. लोक मासे आणि ईल पकडायचे, पाणपक्षी मारायचे, लव्हाळे कापायचे. उंचवट्यांवर गावं होती, आणि तेव्हा ती खरोखरची बेटं होती. आजही नकाशावर रॅम्झी, थॉर्नी, व्हिटलझी अशी 'ई'कारान्त नावं दिसतात. तो शेवट 'बेट' ह्या जुन्या इंग्रजी शब्दाचा. मग 1630च्या दशकात बेडफर्डचा अर्ल आणि त्याच्याबरोबरच्या गुंतवणूकदारांनी पैसा लावला, कॉर्नेलियस व्हर्माइडन हा डच इंजिनियर कामाला लागला, आणि नदीचं वळणावळणाचं पाणी थेट समुद्राकडे नेणारा सरळसोट कालवा खोदला गेला. 1651मध्ये त्याला समांतर दुसरा. गुंतवणूकदारांना परतावा म्हणून सुकलेली जमीन मिळणार होती. थोडक्यात, स्टार्टअप, फक्त इक्विटीच्या जागी शेत. ज्यांचं पोट त्या पाण्यावर होतं त्यांनी विरोध केला, बांध फोडले. त्यांना 'फेन टायगर्स' म्हणायचे.

आपल्याकडे पाट खोदतात तो पाणी आणायला. इथले पाट पाणी घालवायला. आणि इथेच ह्या सिस्टिममधला खरा बग आहे.

फेन्सची काळी माती म्हणजे पीट: हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. पाणी काढलं की ती आधी आकसते, वाळलेल्या स्पंजसारखी. मग त्यात हवा शिरते, जिवाणू तिला खायला लागतात, आणि माती कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. जमीन खचते. खचली की पाणी पुन्हा साचतं, म्हणून आणखी उपसा, म्हणून आणखी खचणं. आधी पवनचक्क्या पाणी उपसायच्या, मग वाफेची इंजिनं आली (स्ट्रेटमचं 1831चं इंजिनघर अजून उभं आहे), मग डिझेल, आता वीज. पीटरबरोजवळ होम फेनमध्ये 1851च्या सुमारास लोखंडी खांब खालच्या चिकणमातीत घट्ट रोवला होता, वरचं टोक जमिनीशी समतल ठेवून. आज तो चार मीटर बाहेर आहे. खांब वर आला नाही, जमीन खाली गेली. ब्रिटनमधली सगळ्यात खोल जमीन तिथेच आहे, समुद्रसपाटीच्या जवळपास पावणेतीन मीटर खाली. पंप कायमचे बंद केले तर पाणी परत यायला सुरुवात होईल.

आता सायकलवर बसा.

पहिली गोष्ट, नदी डोक्यावरून वाहते. दोन्ही बाजूंना बांध, त्यामागे पाणी, आणि तुम्ही खाली बीटच्या शेतातून चाललाय. बांधाच्या वर एखाद्या बोटीचं छप्पर सरकताना दिसतं आणि क्षणभर मेंदू हँग होतो. जमीन खचली, नदी आपल्या जागी राहिली, एवढंच.

दुसरी गोष्ट, रस्ते. 'ड्रोव्ह' म्हणवणारे शेतातले रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ असतात, पण खालची माती एकसारखी खचत नाही, त्यामुळे डांबराला लाटा येतात, लांब भेगा पडतात. कार उड्या मारत जाते. सायकलचं चाक भेगेत अडकू शकतं. 25 मिमीचे रेसिंग टायर घरी ठेवा. 35 किंवा त्याहून रुंद घ्या. सामानाच्या पिशव्यांचे हुक दर तासाला तपासा.

तिसरी गोष्ट, पूल. नकाशावर समोरचं गाव दोन किलोमीटरवर दिसतं, पण मध्ये एक कालवा असतो आणि त्यावर पूल नसतो. व्हर्माइडनच्या दोन कालव्यांमधला पट्टा मुद्दाम मोकळा ठेवलाय, पुराचं पाणी साठवायला. त्याला ऊझ वॉशेस म्हणतात. लांबी तीस किलोमीटरहून जास्त, आणि ओलांडायला मोजके रस्ते. त्यातला वेल्नीचा रस्ता हिवाळ्यात अनेकदा पाण्याखाली जातो. त्याच पाण्यावर उत्तरेकडून हजारो हंस येतात. बघायला भारी, पण पलीकडे हॉटेल बुक केलं असेल तर लांबचा वळसा.

आणि चौथी गोष्ट, जिच्यासाठी एपिसोड केला. वारा.

दलदल सुकवून शेतं केली, झाडं मोजकी, कुंपणाऐवजी चर. वाऱ्याला अडवायला काहीच नाही. मी साधं गणित केलं: माणूस, सायकल, सामान मिळून 95 किलो, ताठ बसून चालवणं, पायांची ताकद सलग 100 वॅट. वारा नसेल तर वेग ताशी सुमारे 23 किलोमीटर. समोरून ताशी 20 किलोमीटरचा वारा आला की वेग 14च्या आत. तोच वारा पाठीशी असेल तर 35. मग तुम्ही म्हणाल, जाताना गेलं ते येताना वसूल! नाही होत. 20 किलोमीटर जाऊन 20 परत यायला शांत हवेत पावणेदोन तास लागतात, वाऱ्यात दोन तासांच्या वर. आणि त्यातला जवळजवळ दीड तास तुम्ही शिव्या घालत असता. कारण हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि उलट्या वाऱ्यात वेळही जास्त जातो.

अजून एक हिशेब. त्या वाऱ्यात ताशी 20चा वेग टिकवायचा म्हटलं तर लागणारा जादा जोर अडीच टक्क्यांच्या चढाइतका असतो. 20 किलोमीटर असं चालवलंत तर सुमारे पाचशे मीटर चढल्यासारखं. पुण्याचे सायकलवाले सिंहगडाच्या घाटाशी तुलना करतील. फरक एवढाच की सिंहगडाला वळणं आहेत, सावली आहे, माथा आहे. इथे माथा नाही. एलीचं कॅथेड्रल मैलोन्‌मैल आधी दिसायला लागतं आणि मग 99 टक्क्यांवर अडकलेल्या डाउनलोडसारखं तिथेच राहतं.

म्हणून इथली टूर चढ बघून नाही, वारा बघून आखायची. आणि त्यासाठी इथे एक मस्त सोय आहे: केंब्रिज, एली, लिटलपोर्ट, डाउनहॅम मार्केट, किंग्ज लिन ही स्टेशनं एकाच रेल्वेमार्गावर आहेत, आणि 11 नंबरचा राष्ट्रीय सायकल मार्गही त्याच दिशेने जातो. वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून असतो, म्हणजे केंब्रिजहून लिनकडे जाताना पाठीशी. आदल्या रात्री हवामान बघा. नैर्ऋत्येचा असेल तर सायकलने जा, ट्रेनने या. वसंतात कधी ईशान्येचा बोचरा वारा सुटतो, तेव्हा उलटं करा: ट्रेनने लिनला जा आणि वाऱ्यावर स्वार होऊन घरी या. कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी ट्रेनमध्ये सायकलीवर बंधनं असतात, ती आधी तपासा.

पहिल्या दिवशी केंब्रिज, बॉटिशम, मग लोड्स वे, विकेन फेन आणि एली, साधारण 40 किलोमीटर. विकेनला थांबाच. 1899पासून नॅशनल ट्रस्टने राखलेला हा दलदलीचा तुकडा आहे, आणि आता आजूबाजूची शेतं विकत घेऊन हळूहळू पुन्हा ओली करायची शंभर वर्षांची योजना तिथे चालू आहे. ओली केली की पीट कुजायचं थांबतं. पण इंग्लंडमधल्या सर्वोत्तम प्रतीच्या शेतजमिनीचा मोठा हिस्सा फेन्समध्येच आहे. सुपरमार्केटमधली सेलरी, बटाटा, कांदा इथला असतो. एका बाजूला ओलं गवत आणि पक्षी, चराच्या दुसऱ्या बाजूला नांगरलेली काळी माती. जोराच्या वाऱ्यात ती उडताना दिसते, 'फेन ब्लो' म्हणतात त्याला. ओलं करावं तर शेतकऱ्याचं पीक जातं, कोरडं ठेवावं तर जमीनच जाते. माझं मत? सगळं ओलं करा म्हणणारे भाजी कुठून आणणार ते सांगत नाहीत, पण जिथे पीटचा थर हातभरच उरलाय तिथे उशीर करून शेतकऱ्याचाही फायदा नाही.

दुसऱ्या दिवशी एली ते किंग्ज लिन, पन्नासेक किलोमीटर. वाटेत डेन्व्हरचा दरवाजा बघा: नदी आणि भरतीचं पाणी तिथे वेगळं ठेवतात, सगळ्या यंत्रणेचा मेन स्विच म्हणा.

पाणी आणि खाऊ मात्र एलीतच भरून घ्या. गावं लांब लांब आहेत, छोट्या गावात दुकान असेलच असं नाही, आणि पाऊस आला तर आडोशाला झाडही मिळत नाही.