मोर्टनची तेरावी खिडकी

पेन्सिलीने कागदावर चित्र काढणारा सावल्या भरत जातो. उजेड म्हणजे त्याने मोकळा सोडलेला कागद. काचेवर कोरणाऱ्याचं काम नेमकं उलटं. काचेमागे काळं कापड धरलं की अंधार आयता मिळतो. मग टोकदार सुईने काचेला टोचा मारला की तेवढ्या जागी पृष्ठभाग खरवडला जातो, उजेड तिथे अडतो आणि पांढरा ठिपका दिसू लागतो. ठिपके दाट मारले तर लखलखाट, विरळ मारले तर संधिप्रकाश आणि हात लावलाच नाही तर काळोख. म्हणजे या कलावंताला प्रत्येक वस्तूचा फक्त उजेड काढायचा असतो. शिवाय खोडायची सोय नाही. एकदा उमटलेला ठिपका कायमचा.

हॉलंडमध्ये ही कला फार उंचीला गेली होती. सतराव्या शतकात आना रोमर्स व्हिस्खर ही कवयित्री हिरकणीने प्याल्यांवर वळणदार अक्षरं कोरत असे. पुढच्या शतकात फ्रान्स ग्रीनवूडने रेषा सोडून नुसत्या ठिपक्यांनी चित्रं उभी केली. शिसं घातलेली इंग्लिश काच जरा मऊ, म्हणून हिऱ्याच्या टोकाला ती मानवत असे. नंतर मात्र फिरत्या चाकाने आणि आम्लाने काम झपाट्याने होऊ लागलं आणि हाताने एकेक ठिपका मारणारे दुर्मीळ झाले. विसाव्या शतकात ही जवळपास विझलेली कला पुन्हा जागी केली ती इंग्लंडच्या लॉरेन्स व्हिस्लरने.

१९१२ साली जन्मलेला व्हिस्लर मुळात कवी. ब्रिटिश राजाच्या नावाने कवितेसाठी सुवर्णपदक सुरू झालं, तेव्हा त्याचा पहिला मानकरी हा विशीतला तरुण होता. जुन्या इंग्लिश घरांत पाहुणे अंगठीतल्या हिऱ्याने तावदानावर दोन ओळी खरडून जात. त्याच चालीवर त्याने एका घराच्या काचेवर स्वतःचं सुनीत कोरलं. काचेशी त्याचा संबंध जुळला तो असा, अक्षरांतून. पुढे अक्षरांच्या जागी घरं, बागा, टेकड्या, झाडं आली. श्रीमंत घरांतून लग्नाचे आणि वाढदिवसाचे चषक कोरून देण्याची कामं मिळू लागली. नवी दिल्ली उभारणारे वास्तुविशारद एडविन लटयेन्स यांच्याशी त्याचा स्नेह होता.

ही कला गोड शोभेच्या पायरीवरच थांबली असती. तिला खोली आली ती १९४४ साली, आणि तिची किंमत भयंकर होती. त्याचा मोठा भाऊ रेक्स हा त्या काळातला नावाजलेला चित्रकार. लंडनच्या टेट गॅलरीतल्या उपाहारगृहाच्या भिंती त्यानेच रंगवलेल्या. जुलैमध्ये नॉर्मंडीच्या रणांगणावर, लढाईच्या पहिल्याच दिवशी, रेक्स मारला गेला. नोव्हेंबरमध्ये लॉरेन्सची पत्नी, अभिनेत्री जिल फर्स, मुलीच्या जन्मानंतर लगेच गेली. लग्नाला जेमतेम पाच वर्षं झाली होती. या संसाराबद्दल त्याने वीस वर्षांनी, १९६४ साली, पुस्तक लिहिलं. पण माझ्या मते त्याचं खरं शोकलेखन काचेवरच आहे. त्याची कविता मागे पडत गेली असं म्हणतात. मला ती फक्त काचेवर राहायला गेलेली दिसते. काचेच्या गोल भांड्यावर तो जवळचं बाहेरून आणि लांबचं आतून कोरत असे. भांडं फिरवलं की झाडामागचं घर सरकतं, वाट वळते. जे दिसतं आहे पण हाताला लागणार नाही, ते दाखवायला याहून योग्य माध्यम कोणतं असेल?

त्याचं सर्वांत मोठं काम डोरसेट परगण्यातल्या मोर्टन या लहानशा गावात आहे. अरबस्तानातल्या मोहिमेमुळे गाजलेल्या टी. ई. लॉरेन्सचा अंत्यविधी १९३५ साली इथल्याच सेंट निकोलस चर्चमध्ये झाला. ऑक्टोबर १९४० मध्ये एका जर्मन विमानातून पडलेल्या बॉम्बने या चर्चची उत्तरेची भिंत पाडली आणि सगळ्या खिडक्या फोडल्या. युद्धानंतर भिंत बांधून झाली आणि खिडक्यांचं काम व्हिस्लरकडे आलं. १९५५ साली पहिल्या पाच खिडक्या बसल्या. मग एकेक करत, १९८४ पर्यंत, बारा झाल्या.

चर्च म्हटलं की आपल्याला रंगीत काचा आठवतात. रंगीत काच बाहेरचं जग झाकते आणि आतल्या माणसाला एका वेगळ्या लोकात नेते. मोर्टनच्या काचा पारदर्शक आहेत. कोरलेल्या मेणबत्त्यांच्या, झाडांच्या, एका खिडकीत तर सर्पिल आकाशगंगेच्या पलीकडे गावातली खरी झाडं हलताना दिसतात, ढग सरकताना दिसतात. उजेड बदलतो तसं चित्र बदलतं. सकाळी ठसठशीत दिसणारी रेषा दुपारी विरघळलेली असते. बाहेरचं जग वगळून पावित्र्य आणायची या माणसाला गरज वाटली नाही, हे मला त्याच्या कारागिरीहूनही मोठं वाटतं.

तेराव्या खिडकीसाठी त्याने विषय निवडला येशूला तीस नाण्यांसाठी पकडून देणाऱ्या जूडासचा. गळफास घेतलेला जूडास झाडाला लटकतो आहे, हातातून नाणी गळत आहेत आणि जमिनीशी पोचता पोचता त्यांची फुलं होत आहेत. ज्याला ख्रिस्ती जगाने कधीच माफ केलं नाही, त्यालाही क्षमा आहे, असं ती काच सांगते. गावकऱ्यांना ते पटलं नाही. खिडकी नाकारली गेली आणि डोरसेटच्या जिल्हा संग्रहालयात जाऊन राहिली.

व्हिस्लर मात्र काम करत राहिला. १९७५ साली ब्रिटनमधल्या काच कोरणाऱ्यांची संघटना स्थापन झाली, तिचा तो पहिला अध्यक्ष. सॉल्सबरीच्या कॅथीड्रलमध्ये त्याने भावाचं स्मारक केलं: हळूहळू फिरणारा काचेचा लोलक, १९८५ सालचा. सायमन आणि डॅनियल ही त्याची मुलंही काच कोरू लागली. २००० साली त्याला ‘सर’ किताब मिळाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो गेला.

जूडासची खिडकी २०१४ साली मोर्टनच्या चर्चमध्ये बसवण्यात आली. ती नाकारणं ही चूक होती, असं मला ठामपणे वाटतं. बाकीच्या बारा खिडक्यांतून तो जो उजेड कोरत आला होता, त्याची खरी परीक्षा इथेच होती. इंग्लंडला मुलांकडे जाणाऱ्या मराठी आईवडिलांनी लंडनच्या दोन प्रेक्षणीय जागा कमी कराव्यात आणि डोरसेटला एक दिवस द्यावा. बारा खिडक्या आत बसून, उजेड बदलेपर्यंत थांबून पाहाव्यात. तेरावी आतून दिसत नाही. ती पाहायची तर बाहेरच्या दफनभूमीत जाऊन उभं राहावं लागतं.