पंपाकडून प्लगकडे : विजेच्या दुचाकीची वाटचाल

भारतात दरवर्षी विकल्या जाणाऱ्या मोटार वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वाहने दुचाकी असतात, त्यामुळे या देशाची वाहतूक पेट्रोलकडून विजेकडे किती आणि कशी वळते याचा निकाल मुख्यतः दुचाकीवरच लागणार आहे. २०२०-२१ या आर्थिक वर्षात देशभरात नोंदणी झालेल्या विजेच्या दुचाकींची संख्या जेमतेम चाळीस हजारांच्या घरात होती; २०२४-२५ मध्ये ती ११ लाखांच्या पुढे गेली आणि नव्याने विकल्या जाणाऱ्या दुचाकींमधील त्यांचा वाटा सुमारे ६ टक्क्यांवर पोचला. शंभरात सहा हे प्रमाण अजून लहान आहे, परंतु चार वर्षांतील वाढीचा वेग पाहता या वाहनाने हौसेची पायरी ओलांडून रोजच्या गरजेत प्रवेश केला आहे, असे म्हणता येते. हा प्रवेश कशामुळे झाला, त्याचे परिणाम काय आहेत आणि तो टिकण्यासाठी काय लागेल, याचा विचार म्हणूनच आवश्यक ठरतो.

विजेवर चालणाऱ्या दुचाकीची कल्पना नवी नाही. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना १८९५ मध्येच बॅटरीवर चालणाऱ्या सायकलीचे पेटंट मिळाले होते आणि त्यांच्या आराखड्यात मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यातच बसवलेली होती, जी रचना आजही अनेक गाड्यांत आढळते. अडचण होती ती शिशाच्या बॅटरीच्या वजनाची; वजनाच्या मानाने तिच्यात वीज फार थोडी साठत असे, आणि त्याच काळात स्वस्त झालेल्या पेट्रोलने ही कल्पना शंभर वर्षे मागे टाकली. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि पुढे मोबाइल फोन व लॅपटॉप यांच्या प्रचंड मागणीमुळे ती स्वस्त व हलकी होत गेली, तेव्हा दुचाकीचा जुना प्रश्न सुटू लागला. या बॅटरीच्या घडणीसाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एकच नाव, दोन वाहने

बोलीत ज्यांना सरसकट ‘ई-बाइक’ म्हटले जाते, त्यांत कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या प्रकारची वाहने येतात. ज्यांच्या मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो, अशी ठरावीक अटींत बसणारी वाहने मोटार वाहनांच्या व्याख्येतून वगळलेली असल्याने त्यांना नोंदणी किंवा वाहन परवाना लागत नाही. त्याहून अधिक वेगाच्या सर्व गाड्यांना मात्र नोंदणी, विमा, परवाना आणि हेल्मेट हे नियम पेट्रोलच्या गाडीप्रमाणेच लागू होतात. फरक इतकाच की त्यांची नंबर पाटी हिरवी असते आणि तिच्यावर खाजगी वाहनासाठी पांढरी, तर व्यावसायिक वाहनासाठी पिवळी अक्षरे असतात. खरेदीपूर्वी हा भेद समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण परवाना लागत नाही म्हणून घेतलेल्या गाडीचा वेग नंतर बदल करून वाढवला, तर ती बेकायदेशीर ठरते आणि अपघात झाल्यास विम्याचे संरक्षणही मिळत नाही.

या गाडीची रचना पेट्रोलच्या गाडीपेक्षा बरीच सोपी असते. बॅटरीतील वीज ‘कंट्रोलर’ या भागाकडे जाते, चालकाने मूठ जितकी पिळली असेल त्या मानाने तो ती मोटरला पुरवतो आणि मोटर थेट किंवा पट्ट्याच्या साहाय्याने चाक फिरवते. बॅटरीतील लहान लहान घटांचे तापमान आणि त्यांतील विजेची पातळी यांवर सतत लक्ष ठेवणारी ‘बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम’ ही तिची राखणदार असते, कारण घट अती भरणे, पूर्ण रिकामा होणे किंवा तापणे या तिन्ही गोष्टी लिथियमच्या बॅटरीला घातक असतात. बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासांत सांगितली जाते आणि एक किलोवॅट-तास म्हणजेच वीजबिलावरील एक युनिट. गाडीचा वेग कमी होताना मोटर उलट जनित्रासारखी काम करून थोडी वीज बॅटरीकडे परत पाठवते, म्हणून सतत थांबत-चालत जाणाऱ्या शहरी रहदारीत, जिथे पेट्रोलच्या गाडीचे ॲव्हरेज सर्वांत कमी पडते, तिथे ही गाडी फारशी मागे पडत नाही.

घरखर्चाचे गणित

या वाहनाच्या प्रसाराचे श्रेय पर्यावरणाविषयीच्या जाणिवेपेक्षा घरखर्चाच्या गणिताला अधिक आहे. रोज तीस किलोमीटर आणि महिन्यातून पंचवीस दिवस स्कूटर चालवणाऱ्या व्यक्तीचा महिन्याचा प्रवास ७५० किलोमीटर होतो. लिटरला ४५ किलोमीटर ॲव्हरेज आणि पेट्रोलचा दर १०४ रुपये धरला, तर त्यासाठी सुमारे १,७३० रुपये लागतात. विजेची स्कूटर चार्जिंगमधील गळती धरून किलोमीटरमागे साधारण ३५ वॉट-तास वीज घेते, म्हणजे तेवढ्याच प्रवासाला सुमारे २६ युनिट पुरतात आणि सर्व आकारांसह युनिटचा दर १२ रुपये धरला तरी हा खर्च सव्वातीनशे रुपयांच्या आत राहतो. महिन्याला वाचणारे सुमारे चौदाशे रुपये म्हणजे मध्यमवर्गीय घरातील गाडीच्या कर्जाच्या हप्त्याचा मोठा भाग होय. शिवाय इंजिन ऑइल, स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर यांचा खर्च उरत नाही. मात्र हे गणित रोज बऱ्यापैकी अंतर कापणाऱ्यालाच लागू पडते. दिवसाला पाच-सात किलोमीटरच गाडी काढणाऱ्याची बचत इतकी थोडी असते की गाडीची अधिक किंमत आणि आठ-दहा वर्षांनी येऊ शकणारा नव्या बॅटरीचा खर्च भरून निघणे कठीण होते.

या गणिताला सरकारी धोरणाचाही हातभार लागला. एप्रिल २०१९ मध्ये केंद्र सरकारची ‘फेम’ ही अनुदान योजना १०,००० कोटी रुपयांच्या तरतुदीसह दुसऱ्या टप्प्यात आली, ऑगस्ट २०१९ मध्ये विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला आणि जून २०२१ मध्ये दुचाकीचे अनुदान बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे १५,००० रुपयांपर्यंत वाढवण्यात आले. पुढे ते टप्प्याटप्प्याने घटत गेले. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत ते किलोवॅट-तासामागे ५,००० आणि एप्रिल २०२५ पासून २,५०० रुपयांवर आले. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरल्याने किमतीतील स्पर्धा आणखी तीव्र झाली. अनुदानाचा टेकू निघत असतानाही विक्री वाढत राहिली, यावरून या वाहनाने स्वतःचा ग्राहक मिळवला आहे असे दिसते.

महाराष्ट्राचा, आणि विशेषतः पुण्याचा, या बदलाशी जवळचा संबंध आहे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून आणि नंतर दुचाकींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्याच्या आकुर्डीतील बजाज कारखान्याचे ‘चेतक’ हे नाव १९७२ पासून घरोघरी पोचले होते आणि ज्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, तिचेच नाव ऑक्टोबर २०१९ मध्ये विजेवरच्या गाडीला देण्यात आले. २०२२ मध्ये तिच्यासाठी आकुर्डीतच स्वतंत्र कारखाना उभा राहिला. वाहनांच्या चाचण्या घेऊन प्रमाणपत्र देणारी ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने किमान एक लाख लोकसंख्येच्या शहरांत बाइक टॅक्सीला मान्यता देताना त्या विजेवरच्याच असाव्यात, अशी अट घातली. घरपोच जेवण आणि किराणा पोचवणाऱ्या हजारो तरुणांसाठीही ही गाडी उत्पन्नाचा प्रश्न बनली आहे, कारण दिवसाला शंभर किलोमीटर फिरणाऱ्याच्या कमाईतून पेट्रोलचा खर्च वजा झाला की हातात फारसे उरत नाही. अशांसाठी रिकामी बॅटरी काढून भरलेली बसवण्याची, म्हणजेच बॅटरी अदलाबदलीची, केंद्रे उपयुक्त ठरतात. त्यामुळे चार्जिंगसाठी कामाचे तास खर्ची पडत नाहीत.

हवेचा हिशेब

विजेची गाडी धूर सोडत नसली तरी भारतातील सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशापासून तयार होते, म्हणून धूर केवळ रस्त्यावरून वीजकेंद्राकडे सरकतो, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप आकड्यांवर तपासून पाहता येतो. देशातील एक युनिट विजेमागे सरासरी ७०० ग्रॅमहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि वहनातील गळती धरली, तर विजेच्या स्कूटरच्या वाट्याला किलोमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम येतो. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे ४५ किलोमीटर ॲव्हरेज देणारी स्कूटर किलोमीटरमागे सुमारे ५१ ग्रॅम सोडते. आजच्या कोळशाच्या विजेवरही चालताना होणारी घट अशा प्रकारे सुमारे ४० टक्के आहे आणि सौर व पवन ऊर्जेचा वाटा वाढेल तशी ती गाडी न बदलता वाढत जाईल. बॅटरी तयार करताना होणारे उत्सर्जन भरून निघायला काही हजार किलोमीटर जावे लागतात, हेही यात धरले पाहिजे. मात्र सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाच्या नाकातोंडात जाणारा धूर आणि कानांवर आदळणारा आवाज पहिल्या दिवसापासून कमी होतो आणि दाट वस्तीच्या शहरांत हा लाभ मोठा आहे.

वाहनाबाहेरचे प्रश्न

२०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर देशात अनेक ठिकाणी विजेच्या स्कूटरना आगी लागल्या, तेव्हा लोकांच्या मनात रास्त भीती निर्माण झाली. त्यानंतर ‘एआयएस-१५६’ हे बॅटरीच्या सुरक्षेचे मानक कडक करण्यात आले आणि सुधारित तरतुदी डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. एखादा घट पेटला तरी आग शेजारच्या घटांत झपाट्याने पसरू नये, बॅटरीत पाणी व धूळ शिरू नये आणि धोक्याची सूचना चालकाला वेळेवर मिळावी, यांवर त्यांचा भर आहे. तथापि मानक कारखान्यातील बॅटरीला लागू होते. जिन्याखाली, एक्स्टेन्शन वायरने, दुसऱ्याच गाडीच्या चार्जरने लावलेल्या चार्जिंगला कोणतेही मानक वाचवू शकत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये चीनमधील नानजिंग शहरात एका निवासी इमारतीच्या तळमजल्यावर ठेवलेल्या ई-बाइकपासून लागलेल्या आगीत १५ जणांचा मृत्यू झाला, ही घटना दाट वस्तीच्या प्रत्येक शहराने लक्षात ठेवावी अशी आहे.

म्हणूनच सोसायटीच्या वाहनतळातील प्लग हा या बदलाचा कळीचा मुद्दा ठरतो. अनेक जुन्या इमारतींत चार्जिंगची सोय मागणाऱ्या सभासदाला नकार मिळतो, मग तो चौथ्या मजल्यावरून वायर सोडतो किंवा बॅटरी उचलून घरात नेतो आणि ज्या धोक्याच्या भीतीने नकार दिला गेला, तो धोकाच त्यामुळे वाढतो. स्वतंत्र मीटर, योग्य जाडीची वायर, अर्थिंग आणि वीजप्रवाह खंडित करणारा एमसीबी एवढी व्यवस्था परवानाधारक वायरमनकडून करून घेणे हे तुलनेने थोड्या खर्चाचे आणि सर्वांच्या हिताचे काम आहे. गाडी चालवून आल्यावर बॅटरी थोडी थंड होऊ देणे, मूळ चार्जरच वापरणे आणि ये-जा करण्याची वाट अडेल अशा जागी चार्जिंग न करणे, एवढे पथ्य प्रत्येकाला पाळता येते.

याखेरीज आणखी तीन प्रश्न पुढे उभे आहेत. पहिला बॅटरीच्या अखेरीचा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेली बॅटरी परत घेऊन तिच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, पण ती भंगारवाल्याकडे न जाता अधिकृत केंद्राकडेच जाईल अशी साखळी अजून घट्ट व्हायची आहे. दुसरा परावलंबनाचा. चीनने एप्रिल २०२५ मध्ये मोटरसाठी लागणाऱ्या दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणताच भारतातील उत्पादनाला त्याची झळ बसली आणि तेलासाठी आखाताकडे पाहणारा देश उद्या चुंबकासाठी दुसऱ्या एकाच देशाकडे पाहत राहील, ही भीती खरी ठरली. तिसरा रोजगाराचा. नाक्यानाक्यावरच्या गॅरेजमध्ये पिढीजात कसबाने कार्ब्युरेटर साफ करणाऱ्या मेकॅनिकला मल्टिमीटर आणि संगणकीय निदानयंत्र हाताळायला शिकवले नाही, तर त्याचा धंदा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जाईल आणि ग्राहकालाही दुरुस्ती महाग पडेल.

विजेची दुचाकी रस्त्यावर पेट्रोलच्या दुचाकीएवढीच जागा अडवते, त्यामुळे कोंडी, पार्किंग आणि अपघात यांवर ती उपाय नाही. त्यासाठी वेळेवर येणारी बस, चालण्याजोगा पदपथ आणि सायकलीला सुरक्षित वाट यांना पर्याय नाही. परंतु ज्या कुटुंबाला दुचाकीवाचून गत्यंतर नाही, त्याचा खर्च आणि त्याच्या शहराची हवा या दोन्ही बाबतींत ती पेट्रोलच्या गाडीपेक्षा निश्चित सरस आहे. गाडी विकत घेणे हा एका घराचा निर्णय असला तरी ती सुरक्षितपणे चार्ज करण्याची सोय साऱ्या इमारतीला मिळून उभी करावी लागते. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रत्येक सोसायटीने हा विषय पत्रिकेवर घ्यावा आणि अशी सोय मागणाऱ्या सभासदाला नकार देण्याऐवजी एक सुरक्षित प्लग द्यावा.