निरोप कोठे अडला?

यंत्र अडले म्हणजे मनुष्य बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट करतो. एक तर तो यंत्राला दोष देतो, नाहीतर हाताला येईल ती कळ फिरवून पाहतो. या दोन्ही मार्गांनी बिघाड क्वचितच सापडतो. बिघाड शोधणे ही एक विद्या असून तिलाही नियम आहेत. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण पुढे संगणकाच्या व्यवसायात शिरतील. म्हणून त्याच क्षेत्रातील एका उदाहरणाच्या आधारे हे नियम सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरण ‘अपाची कॅमल’ या साधनाचे आहे. मोठ्या संस्थेचे सारे काम एकाच संगणकप्रणालीवर चालत नाही. प्रवेशाच्या याद्या एकीकडे, शुल्काचा हिशेब दुसरीकडे, तर परीक्षेचे बैठकक्रमांक तिसरीकडे असतात आणि प्रत्येकीची बोली निराळी असते. घरी कोंकणीत बोलावे, शाळेत मराठीत लिहावे आणि कचेरीत इंग्रजीत अर्ज द्यावा, हे गोव्यात आपल्या अंगवळणी पडले आहे. यंत्रांना मात्र दुभाषी नेमून द्यावा लागतो. जावा या संगणकभाषेत रचलेला कॅमल हा असा दुभाषी होय. त्याचा जन्म २००७ सालचा. ग्रेगर होपे व बॉबी वूल्फ यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निरोपांच्या देवघेवीच्या ज्या ठरीव पद्धती वर्णिल्या, त्या प्रत्यक्षात आणण्यासाठी तो निर्माण झाला. त्याची घडण सर्वांस खुली आहे. ती कोणीही वाचावी, तपासावी आणि सुधारावी.

कॅमलमध्ये प्रत्येक निरोपाला एक मार्ग आखून दिलेला असतो. एका टोकाला निरोप आत येतो, वाटेतील ठाण्यांवर त्याचे रूप पालटते किंवा त्याची वाटणी होते, आणि दुसऱ्या टोकाला तो पोहोचता होतो. पत्राला जसा मजकूर आणि पाकिटावरचा पत्ता, तसा निरोपाला गाभा आणि मथळे असतात. आता या मार्गावर काय काय बिघडते ते पाहू.

पहिली तक्रार अशी की, कप्प्यात ठेवलेली फाईल नाहीशी झाली. वस्तुतः ती नाहीशी झालेली नसते. काम यशस्वी झाले की कॅमल ती फाईल त्याच कप्प्यातील, बिंदूने आरंभ होणाऱ्या ‘.कॅमल’ अशा नावाच्या उपकप्प्यात हलवतो, आणि असे उपकप्पे पुष्कळ संगणकांवर सहजी दिसत नाहीत. याहून गंभीर आहे ती उलट स्थिती. समजा, पहिल्या ठाण्यावर शुल्काची नोंद झाली आणि दुसऱ्या ठाण्यावर काम अडले. अशा वेळी वेगळी आज्ञा नसेल तर फाईल मूळ जागीच राहते आणि सुमारे अर्ध्या सेकंदाने पुन्हा उचलली जाते. शुल्काची नोंद पुन्हा होते, आणि मग पुन्हा! दोष दुसऱ्या ठाण्यावर, परंतु आरडाओरडा पहिल्या ठाण्यावर. उपाय दुहेरी आहे: अडलेली फाईल वेगळ्या कप्प्यात जाईल अशी आज्ञा मार्गात द्यावी, आणि शुल्काच्या प्रणालीने एकच पावतीक्रमांक दुसऱ्यांदा स्वीकारू नये.

दुसरी तक्रार आपल्या जिव्हाळ्याची आहे. देवनागरीत लिहिलेले नाव पलीकडे पोहोचते तेव्हा त्याच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात. अक्षरे साठविण्याचे संकेत अनेक आहेत. जावाच्या जुन्या आवृत्त्या, वेगळे सांगितले नाही तर, ज्या त्या संगणकाचा संकेत वापरीत. त्यामुळे एका यंत्रावर शुद्ध चालणारे काम दुसऱ्यावर बिघडे. २०२२ साली जावाच्या १८व्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हा संकेत गृहीत धरला जाऊ लागला. येथे बिघाडाचे रूपच कारण सांगते. चमत्कारिक रोमन अक्षरे दिसली तर मजकूर चुकीच्या संकेताने वाचला गेला, आणि तो बहुधा परत मिळवता येतो. प्रश्नचिन्हे दिसली तर तो ज्या संकेतात लिहिला त्यात देवनागरीला जागाच नव्हती. त्या फाईलमधून ते नाव कायमचे गेले. म्हणून वाचताना व लिहिताना, दोन्ही टोकांस, संकेत स्पष्ट नमूद करावा.

तिसरी गोष्ट मोठी मौजेची आहे. काही निरोपांचा गाभा नळाच्या पाण्यासारखा वाहता असतो. एकदा वाचला की संपला. शोधकाने वाटेत तो छापून पाहिला, तर पुढच्या ठाण्याला रिकामा निरोप मिळतो. पाहणेच बिघाडाचे कारण ठरते! यासाठी गाभा साठवून ठेवण्याची सोय आहे. २०२२ च्या ३.१७ या आवृत्तीपासून ती आपोआप चालू असते, त्यापूर्वी ती मुद्दाम चालू करावी लागे.

या उदाहरणांवरून नियम निघतात ते असे. जावा जो लांबलचक त्रुटिसंदेश देते तो शेवटपर्यंत वाचावा. खरे कारण पुष्कळदा अगदी खालच्या ‘याचे कारण’ अशा अर्थाच्या ओळीत असते. मार्गाच्या मध्यावर निरोप तपासावा. तेथे तो शुद्ध असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. अशी विभागणी करीत गेल्यास नेमके ठाणे लवकरच हाती लागते. एका वेळी एकच बदल करावा. कॅमलचे सर्व भाग एकाच आवृत्तीचे आहेत ना, हे पाहावे. आणि अडलेला निरोप कधीही पुसून टाकू नये; तोच खरा साक्षीदार. दुरुस्तीनंतर तोच पुन्हा मार्गावरून पाठवून परीक्षा घ्यावी.

इतक्या बारकाव्याची गरज काय, असे कोणी विचारील. गरज अशी की, प्रत्येक निरोपाच्या मागे एक मनुष्य उभा असतो. ज्याचे शुल्क दोनदा नोंदले गेले, जिच्या नावाच्या जागी परीक्षेच्या यादीत प्रश्नचिन्हे आली, त्यांना यंत्राची भाषा येत नाही. खिडकीपाशी त्यांना ‘संगणकात असेच आहे’ एवढेच उत्तर मिळते. ते उत्तर अखेरचे न मानता निरोप कोणत्या ठाण्यावर अडला हे शांतपणे शोधणारा कोणीतरी आत असला पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांतून असे शोधक निपजावेत, एवढीच आमची इच्छा आहे.