तारा लावण्याआधी तार वाकवायची!

बीडीएस झालं, नीट एमडीएसमध्ये रँक आली, ऑर्थोडॉन्टिक्सची सीट मिळाली. आता लगेच पेशंटला ब्रेसेस? छे! आधी हातात पक्कड आणि स्टीलची तार. लूप वाकवा, सरांना दाखवा, नापास झाली की पुन्हा वाकवा.

मला सगळ्यात भारी वाटतो तो टायपोडॉन्ट. मेणात बसवलेले वेडेवाकडे खोटे दात. त्यांना ब्रॅकेट-तार लावून सगळं गरम पाण्यात बुडवायचं. मेण मऊ होतं आणि दात डोळ्यांदेखत सरकतात. खऱ्या हाडात याच कामाला अनेकदा दीड-दोन वर्षं जातात.

मग बाजूने काढलेल्या चेहऱ्याच्या एक्स-रेवर रेघा मारून कोन मोजायचे. वरच्या जबड्याचा कोन एसएनए साधारण 82 अंश, खालच्याचा एसएनबी 80. वरचा जबडा पुढे आलाय की खालचा मागे राहिलाय, ते इथे कळतं. सेमिनार, प्रबंध वगैरे आहेतच.

या विषयाची पहिली स्वतंत्र शाळा एडवर्ड अँगल यांनी 1900 मध्ये अमेरिकेत, सेंट लुईसला काढली. आपल्याकडे एमडीएस 3 वर्षांचं. त्यामुळे विद्यार्थ्याने उशिरा घेतलेली केस तो पास होऊन गेला की ज्युनिअरकडे जाते. कॉलेजात उपचार घेताना मधेच डॉक्टर बदलले तर दचकू नका, तुमची फाइल, फोटो आणि दातांची मॉडेल्सही नव्या डॉक्टरांकडे सोपवलेली असतात.