लाल पायाचे मूळ बोटांच्या बेचक्यात

पावसाळ्यात वसई-विरारमध्ये पाय कोरडे ठेवणे फार थोड्यांना जमते. भातलावणी तर चिखलातच होते, आणि जुलै २०१८मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली जाऊन लोकल बंद पडल्या, तेव्हा नोकरदारही गुडघाभर पाण्यातूनच घरी आले. अशा पायांना बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडून सोलवटते, भेगाळते. मग एखाद्या दिवशी थंडी वाजून ताप भरतो, एका पायाची नडगी लालभडक होऊन सुजते, जांघेत अवधाण येते. जुनी माणसे याला धावरे म्हणत, डॉक्टर सेल्युलायटिस म्हणतात. औषध सारे नडगीच्या लालीसाठी घेतले जाते. बेचक्यातली भेग तशीच राहते आणि दुखणे परत येते.

फ्रान्समधल्या १६७ रुग्णांचा अभ्यास १९९९मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. चिखल्या असलेल्यांना हा संसर्ग होण्याची शक्यता त्यात सुमारे १४ पट आढळली. चिखल्या नसत्या तर १००पैकी ६१ दुखणी टळली असती, असा हिशेबही त्यात आहे. त्याहून मोठा धोका जुनाट सुजेचा, जसे हत्तीरोगाने लसिकावाहिन्या निकामी झालेल्या पायांचा. पालघर जिल्ह्यात हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघर वाटल्या जातात, तेव्हा त्या आरोग्यसेविकेसमोरच गिळाव्यात, त्या याचसाठी.

दोष गटाराच्या पाण्याचा, बोटे पुसून काय होणार, असे कोणी म्हणेल. गटारे तुंबू न देणे हे पालिकेचे काम आहेच, त्यातून तिची सुटका नाही. पण या दुखण्याचे स्ट्रेप्टोकोकस आणि स्टॅफिलोकोकस हे जंतू बहुधा आपल्याच अंगावर असतात. पाणी त्यांना आत शिरायला वाट करून देते. ती वाट बंद करणे आपल्या हातात आहे. घरी आल्यावर पाय साबणाने धुवावेत, जुन्या सुती फडक्याने प्रत्येक बेचके टिपून कोरडे करावे, खाज असेल तर डॉक्टरांना विचारून बुरशीवरचे मलम लावावे. साचलेल्या पाण्यात जखम झाली असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अशा वेळी जंतू वेगळे असू शकतात आणि लेप्टोस्पायरोसिसचाही विचार करावा लागतो.

लाली चढल्यावर मात्र हळद-चुन्याच्या लेपात दिवस घालवू नयेत. साध्या संसर्गाला बहुतेकदा पाच ते सात दिवसांचे प्रतिजैविक पुरते. पाय उशांवर छातीहून उंच ठेवावा आणि लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढावी. पहिल्या दिवसा-दोन दिवसांत लाली थोडी रेघेबाहेर गेली म्हणून औषध लागू पडत नाही असे समजू नये. त्यानंतरही ती पसरत राहिली, तर मात्र पुन्हा दाखवावे. दोन्ही पाय एकदम लाल झाले, तर कारण बहुधा दुसरेच असते.

वारंवार हे दुखणे होणाऱ्यांना वर्षभर पेनिसिलिन द्यावे का, यावर २०१३मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. २७४ रुग्णांपैकी पेनिसिलिन घेणाऱ्यांत २२ टक्क्यांना, न घेणाऱ्यांत ३७ टक्क्यांना ते पुन्हा झाले. गोळी थांबल्यावर फायदाही ओसरला. वर्षभर गोळ्या खाऊन जंतू निबर होतील ही शंका रास्त आहे, म्हणून हा निर्णय डॉक्टरांवरच सोडावा. २०२०च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत जुनाट सूज असलेल्यांना दाबपट्ट्या बांधल्या, तेव्हा दुखणे १५ टक्क्यांना पुन्हा झाले, पट्ट्या न बांधलेल्यांत ४० टक्क्यांना. पट्टीला प्रतिजैविक लागत नाही. फक्त पायाचा रक्तपुरवठा आधी तपासून घ्यावा लागतो.

लालीच्या मानाने वेदना फारच असह्य असतील, कातडी काळी-जांभळी पडू लागली, फोड आले किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता त्याला थेट रुग्णालयात न्यावे.